फ्लश टँक दुरुस्त करूनही परत परत गळतो? नवा किट आणायच्या आधी हे तपासा

कमोडच्या टाकीतून भांड्यात बारीक धार चालू राहते, प्लंबर येतो, वायसर नाहीतर आख्खा किट (टाकीच्या आतल्या पार्टचा संच) बदलून जातो, काही महिने बरं चालतं आणि मग परत तेच. जळगाव घ्या, भुसावळ घ्या, अमळनेर, धुळे, ज्या घरी बोअरचं पाणी आहे तिथे ही तक्रार हमखास ऐकायला मिळते. शेवटी लोक 'आजकाल पार्टच असे येतात' म्हणून सोडून देतात, अँगल कॉक (टाकीला पाणी देणाऱ्या पाईपवरचा भिंतीतला छोटा नळ) कायमचा बंद करतात आणि बादलीने पाणी टाकायला लागतात. घरात गुडघ्यांचा त्रास असलेलं म्हातारं माणूस असेल तर त्यांनी ती बादली कशी उचलायची? म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण ही गोष्ट घरच्या घरी नीट होते आणि एकदा नीट झाली की बरीच वर्षं त्रास देत नाही.

माझं म्हणणं असं आहे की बऱ्याचदा पार्ट वाईट नसतोच. एक तर भलताच पार्ट बदललेला असतो, नाहीतर पार्ट बरोबर बदललेला असतो पण तो जिथे टेकतो ती जागा क्षाराने खरखरीत झालेली तशीच सोडलेली असते. मग नवा वायसर त्या खरखरीत जागेवर बसतो, थोडे दिवस दबून राहतो आणि परत पाणी सोडतो.

म्हणून सगळ्यात आधी पाणी कुठून जातंय ते नक्की करा. टाकीतून भांड्यात पाणी जायचे मुख्य रस्ते दोन आहेत. एक म्हणजे मधल्या उभ्या ओव्हरफ्लो पाईपच्या तोंडातून, आणि दुसरा म्हणजे तळाच्या फ्लश व्हॉल्वच्या (बटण दाबलं की पाणी सोडणाऱ्या भागाच्या) वायसरखालून. टाकीचं झाकण काढा (बटणाची रिंग आटे फिरवून निघते, चिनी मातीचं झाकण असेल तर सरळ खाली गादीवर किंवा गोणपाटावर ठेवा, बेसिनच्या कडेवर नको), मोबाईलचा टॉर्च लावा आणि बघा. पाणी पाईपच्या तोंडापर्यंत चढून आत पडत असेल तर दोष पाणी भरणाऱ्या व्हॉल्वचा, म्हणजे ज्याला आपण बॉल कॉक म्हणतो त्याचा. इथे फ्लश व्हॉल्वचा वायसर कितीही वेळा बदला, काही फरक पडणार नाही. आणि पाणी पाईपच्या तोंडाच्या खाली आहे तरी भांड्यात धार आहे, तर दोष खालच्या वायसरचा.

डोळ्याने कळत नसेल तर टाकी पूर्ण भरू द्या, अँगल कॉक बंद करा, आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेवर पेन्सिलने खूण करा आणि अर्धा तास कोणाला फ्लश करू देऊ नका. पाणी खुणेखाली गेलं तर खालून गळतंय. खुणेवरच राहिलं, पण अँगल कॉक उघडल्यावर परत धार सुरू होते, तर वरचा व्हॉल्व बंदच होत नाहीये. रंगाने पण कळतं, टाकीत खायच्या रंगाचे किंवा शाईचे थोडे थेंब टाकायचे आणि भांड्यातलं पाणी रंगतं का बघायचं. हळद-कुंकू टाकू नका, ते पाण्यात विरघळत नाही, नुसतं तळाला बसतं आणि डाग पडतात ते वेगळे. अजून एक खूण म्हणजे रात्री कोणी संडासात गेलेलं नसताना टाकी अचानक सूं करून थोडं पाणी भरते आणि थांबते. तो आवाज ऐकला की समजा खालचा वायसर थेंब थेंब सोडतोय, पातळी उतरली की वरचा व्हॉल्व उघडतो आणि परत भरून घेतो.

आता कोणी म्हणेल एवढ्याशा धारेचं काय. मिनिटाला 100 मिली धरा, साधारण एक कप चहाएवढं. दिवसाचे मिनिट 1440, म्हणजे दिवसाला 144 लिटर. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी द्यावं असा सरकारी निकष आहे आणि जलजीवन मिशनमध्ये खेड्यात माणशी 55 लिटर धरलंय. म्हणजे ही एवढीशी धार शहरातल्या एका माणसाच्या वाट्याहून जास्त आणि खेड्यातल्या अडीच माणसांच्या वाट्याचं पाणी गुपचूप गटारात घालवते. आपल्याकडे कित्येक ठिकाणी नळाला रोज पाणी येत नाही, आणि उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी सकाळी रिकामी दिसली की लोक मोटरला नाहीतर शेजाऱ्याला दोष देतात. आधी संडासात डोकावून बघा, मी हे अगदी कळकळीने सांगतोय.

बॉल कॉकचा दोष निघाला तर

जुन्या टाक्यांत पितळी दांडी आणि तिच्या टोकाला गोळा असतो. दांडी वर उचलली आणि पाणी थांबलं तर नुसती लेव्हल चढलेली आहे, दांडीचा स्क्रू फिरवून किंवा पितळी दांडी असेल तर किंचित खाली वाकवून गोळा खाली आणा. गोळ्यात पाणी शिरलं असेल (हलवून बघा, आत खळखळतं) तर गोळा बदलायचा. दांडी वर दाबून धरली तरी धार चालू, तर आतलं रबर गेलं. हा प्रकार दिसायला जुनाट वाटतो पण कमी प्रेशरला फार भरवशाचा आहे, कारण इथे गोळ्याचा जोर सरळ रबरावर पडतो.

नवीन प्लॅस्टिकच्या व्हॉल्वचं तसं नाही. त्यात रबराचा पातळ पडदा असतो आणि त्याला सुईएवढं भोक असतं. त्या भोकातून पाणी पडद्याच्या मागे जातं, तिथे दाब तयार होतो आणि तोच दाब पडदा बंद करतो, फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग) फक्त इशारा देतो. आता इतक्या बारीक भोकात क्षाराचा एक कण बसला की मागे दाबच तयार होत नाही आणि पाणी वाहतच राहतं. केळीवाल्या भावांना हे वेगळं सांगायला नको, रावेर-यावलकडे ठिबकचे ड्रीपर ज्या क्षाराने बंद होतात आणि ज्याच्यासाठी नळ्यांना ॲसिड ट्रीटमेंट द्यावी लागते, तोच क्षार तुमच्या संडासातल्या व्हॉल्वमध्ये बसतो. शेतातला जाळीचा फिल्टर आपण आठवणीने धुतो, घरातल्या व्हॉल्वलाही तसाच एक बोटाच्या पेराएवढा जाळीचा फिल्टर असतो हे मात्र बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

तो फिल्टर कनेक्शन पाईप जिथे टाकीला लागतो तिथेच आत असतो. अँगल कॉक बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा, खाली कपडा ठेवा, पाईप सोडा आणि फिल्टर पकडीने हळूच ओढून काढा. टाकी भरायला पहिल्यापेक्षा खूप वेळ लागत असेल तर कारण बहुतेक वेळा हाच असतो, आत वाळू आणि शेवाळ भरलेलं निघतं. धुवा आणि परत बसवा, काढून फेकून मात्र देऊ नका. 'फिल्टर काढला की पाणी जोरात येतं' असं सांगणारे पुष्कळ भेटतील, पण मग तो सगळा कचरा थेट पडद्यावर जातो.

पडदा साफ करायचा असेल तर व्हॉल्वची वरची टोपी बऱ्याच मॉडेलमध्ये थोडी दाबून पाव वेढा फिरवली की निघते. आतलं रबर कोणत्या बाजूने बसलंय त्याचा फोटो काढून ठेवा आणि मगच ते बाहेर काढा. आता उघड्या व्हॉल्ववर एक प्लॅस्टिकचा ग्लास उपडा धरा आणि दुसऱ्या हाताने अँगल कॉक जरासा उघडा. पाणी उसळून ग्लासला आपटून खाली टाकीत पडतं आणि आत अडकलेली वाळू त्याच्याबरोबर निघून येते. पाच-दहा सेकंद पुरे. रबर लिंबूसताच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, लिटरभर पाण्याला दोन-तीन चमचे लिंबूसत. क्षार असेल तर बारीक फेस येताना दिसतो. मग स्वच्छ पाण्याने धुवून परत बसवा. ते भोक टाचणीने टोकरू नका, मोठं झालं की व्हॉल्वच बिघडला समजा.

प्रेशरचं पण बोलायला पाहिजे कारण आपल्याकडे घरं तशी आहेत. गच्चीवर टाकी आणि लगेच खाली वरच्या मजल्याचा संडास. पाण्याची उंची 10 मीटर असली तर 1 बार दाब मिळतो, म्हणजे टाकी फक्त 10 फूट वर असेल तर जेमतेम 0.3 बार. काही व्हॉल्वना नीट बंद व्हायला याच्याहून जास्त दाब लागतो, खोक्यावर तो लिहिलेला असतो, घेताना वाचा. म्हणून एकाच घरात एकाच कंपनीचा व्हॉल्व खालच्या मजल्यावर व्यवस्थित चालतो आणि वरच्या मजल्यावर वाहत राहतो, तिथे पार्टला शिव्या देऊन उपयोग नाही, कमी प्रेशरवाला व्हॉल्व नाहीतर सरळ दांडीचा बॉल कॉक लावा. लेव्हल लावताना पाणी ओव्हरफ्लो पाईपच्या तोंडाच्या साधारण इंचभर खाली थांबलं पाहिजे.

फ्लश व्हॉल्वचा दोष निघाला तर

खरा परत परत येणारा त्रास इथला आहे. ड्युअल फ्लशच्या (दोन बटणांच्या) टाकीत मधला उंच डब्यासारखा भाग असतो, तो धरून पाव वेढा डावीकडे फिरवला की बहुतेक मॉडेलमध्ये वरचा भाग सुटून हातात येतो, खालचा पाया टाकीतच राहतो. अँगल कॉक आधी बंद केलेला असू द्या. वरच्या भागाच्या तळाला एक गोल रिंग दिसेल, तोच वायसर. अंगठ्याच्या नखाने त्याच्यावरून फिरा. गोल चर पडलाय का, कडक झालाय का, फुगून लाटा आल्या आहेत का. काळं रबर असेल आणि बोटाला काळं लागत असेल तर ते विरघळायला लागलंय, बदलायचं. तेवढीच रिंग सुटी मिळते, आख्खा किट घ्यायची गरज नसते. सिलिकॉनची मिळाली तर तीच घ्या, गच्चीवरच्या तापलेल्या टाकीतलं पाणी आणि क्लोरीन दोन्हीला ती जास्त टिकते.

पण थांबा, वायसर लगेच बसवू नका. आता टाकीच्या तळाला हात घाला आणि तो वायसर ज्या गोल कडेवर टेकतो त्या कडेवरून बोट फिरवा. अमळनेरला माझ्या मावशीकडे हेच झालं होतं. वायसर नवा, किट नवा, आणि मावशी म्हणे, "वायसर बदलीसनबी पानी चालूच शे." वरून बघितलं तर कड पांढरीशुभ्र, प्लॅस्टिकच पांढरं असल्यामुळे काही दिसत नव्हतं. बोट फिरवलं तर एका बाजूला मिठाचे खडे चिकटावेत तसे कण लागले, तेवढ्याच भागातून पाणी जात होतं. आधी जो येऊन गेला त्याने वायसर बदलला आणि कड पुसलीसुद्धा नव्हती. कड साफ केली, तोच वायसर परत लावला आणि पाणी बंद झालं, नवीन काही विकत आणावं लागलं नाही.

साफ कशी करायची तर सुती कपड्याची पट्टी लिंबूसताच्या घट्ट पाण्यात भिजवून कडेवर गोल गुंडाळून अर्धा-पाऊण तास ठेवायची. व्हिनेगर असेल तरी चालतं. मग जुन्या टूथब्रशने घासायचं, परत बोट फिरवायचं, अजून खरखर लागली तर परत पट्टी ठेवायची. घाई करू नका. सुरी, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर अजिबात लावायचा नाही, कडेवर एक ओरखडा पडला की तिथून कायमचं पाणी जाणार आणि मग खरोखरच सगळा व्हॉल्व बदलावा लागतो. बाथरूम धुवायचं तीव्र ॲसिड पण टाकीत ओतू नका, रबर आणि बोल्ट दोन्ही खातं. आणि कुठल्याही परिस्थितीत ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि संडासासारख्या बंद जागेत तो जिवावर बेततो.

टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्या पण टाळा. भांडं चकाचक दिसतं हे खरं, पण रबर रात्रंदिवस त्या पाण्यात बुडालेलं असतं आणि लवकर कडक होतं. पाणी वाचवायला टाकीत वीट ठेवायचा सल्ला पण फिरत असतो, वीट झिजून तिचा चुरा सरळ वायसरखाली येतो. लेव्हल थोडी खाली लावा, काम तेच होतं.

कड साफ, वायसर नवा, तरी धार आहे, मग झाकण काढून बघा. झाकण काढल्यावर गळती थांबली तर सापडलं, बटणाची दांडी जास्त लांब लागली आहे आणि ती व्हॉल्वला सतत थोडं दाबून ठेवते. दांडीचे आटे फिरवून ती कमी करा, बटण न दाबता दोन-तीन मिलिमीटर मोकळं हललं पाहिजे. ही गोष्ट इतकी साधी आहे पण किट बदलताना झाकण लावून परत तपासत कोणी नाही, त्यामुळे प्लंबर असेपर्यंत सगळं ठीक आणि तो गेल्यावर झाकण लागलं की धार चालू.

भारतीय बैठकीवर जी बाजूच्या हँडलची प्लॅस्टिकची टाकी असते तिच्यात बऱ्याचदा सायफन असतो. तिथे तक्रार वेगळी असते, हँडल तीन-चारदा मारावं लागतं तेव्हा कुठे पाणी सुटतं. म्हणजे सायफनच्या आतला प्लॅस्टिकचा पडदा फाटलाय. फक्त तो पडदा बदलायचा.

पार्ट आणताना

मॉडेलचं नाव सांगत बसू नका, जुना पार्ट काढून पिशवीत घालून दुकानात न्या. तो न्यायचा नसेल तर टाकीच्या आतला फोटो, ओव्हरफ्लो पाईपची उंची, झाकणावरच्या बटणाच्या भोकाची रुंदी आणि पाण्याचा पाईप खालून येतो की बाजूने, एवढं लिहून न्या. हिंदवेअर, पॅरीवेअर, सेरा, जॅग्वार यांचे मूळ स्पेअर मिळतात, मिळाले तर तेच बरे. सगळ्यांना चालणारा किट घेतला तर त्याचा ओव्हरफ्लो पाईप आपल्या टाकीच्या उंचीप्रमाणे कमी करायला विसरू नका, तो उंच राहिला तर बॉल कॉक बिघडल्यावर पाणी भांड्यात न जाता टाकीच्या कडेने फरशीवर येईल.

व्हॉल्वचा पायाच बदलायचा असेल तर टाकी भांड्यावरून उतरवावी लागते आणि ते काम दोघांनी करा, चिनी मातीची टाकी वजनदार असते. खालचे दोन बोल्ट आपल्या पाण्यात गंजून जाम झालेले असतात. पाना लावून जोर करू नका, आधी गंज सुटायचा स्प्रे मारून थोडा वेळ थांबा, नाही सुटले तर हॅक्सॉच्या पात्याने नट आणि टाकीच्या मधून कापा. नवीन लावताना पितळी किंवा स्टेनलेसचे बोल्ट घ्या, टाकी-भांड्यामधला जाड स्पंजचा वायसर पण नवाच टाका, आणि दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. एकच बाजू आवळत गेलं की टाकीला तडा जातो. प्लॅस्टिकचा चेकनट (व्हॉल्व टाकीला खालून आवळणारा मोठा नट) हाताने घट्ट करून वर पाव वेढा, बस. कनेक्शन पाईपच्या टोकाला आधीच रबर असतं तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, पाणी रबर अडवतं, आटे नाही. एम-सील आणि सिलिकॉन वायसरच्या जागी कधीच नको, पुढच्या वेळी उघडताना टाकी फोडायची वेळ येते.

अँगल कॉकच बंद होत नसेल, जे आपल्याकडे फार होतं, तर गच्चीवरून लाईन बंद करून आधी तो बदला. नंतर महिन्या-दोन महिन्यांनी नुसता उघडझाप करत जा म्हणजे क्षाराने जाम होत नाही.

परत त्रास नको असेल तर वर्षातून दोनदा बघा, एकदा फेब्रुवारी-मार्चला उन्हाळ्याच्या आधी आणि एकदा पोळ्याच्या सुमारास, कारण पावसाळ्यात तापी-गिरणेचं गढूळ पाणी आलं की बारीक गाळ गच्चीवरच्या टाकीत बसतो आणि मोटर चालू झाली की ढवळून खाली येतो. ती वरची टाकी धुतल्यावर पहिलं पाणी खालच्या एखाद्या उघड्या नळातून जाऊ द्या, फ्लशचा अँगल कॉक तोपर्यंत बंद ठेवा. जाळीचा फिल्टर धुवा, कडेवरून बोट फिरवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

हे सगळं करूनही पाणी खुणेखाली जात असेल आणि भांड्यात काहीच येत नसेल, तर टाकीच्या खालून कोरडा कपडा फिरवा. कपडा बोल्टजवळ ओला झाला तर बोल्टचे वायसर, मधोमध ओला झाला तर स्पंजचा वायसर. आणि दोन्हीकडे कोरडा असून भलत्याच ठिकाणी ओल लागली तर केसासारखा तडा गेलाय. तो कशानेही चिकटवू नका, भरलेली टाकी एक दिवस फुटून पायावर येऊ शकते. अशी टाकी लगेच बंद करून काढून टाका, आणि नवीन घेताना भांड्याच्या भोकांचं माप घेऊन जा.